इमारत नांदते का?

लॉर्ड्सवर कसोटी सामना सुरू असला की टीव्हीच्या पडद्यावर अधूनमधून एक पांढरंशुभ्र, गुळगुळीत, लांबट अंड्यासारखं काहीतरी दिसतं. जुन्या लाल विटांच्या पॅव्हिलियनच्या बरोबर समोर, नर्सरी एंडला, दोन काँक्रीटच्या खांबांवर ते अलगद उचलून धरलेलं असतं. २००२ साली अजित आगरकरने लॉर्ड्सवर नाबाद १०९ धावा केल्या, २०१४ साली अजिंक्य रहाणेने १०३ काढल्या, तेव्हा वार्ताहर याच अंड्याच्या पोटात बसून त्या खेळींविषयी लिहीत होते. हे लॉर्ड्सचं मीडिया सेंटर. यान काप्लित्स्की आणि अमांडा लेवीट यांच्या फ्यूचर सिस्टिम्स या संस्थेने त्याची रचना केली. त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच बांधलं ते मात्र इमारतींच्या कंत्राटदाराने नव्हे, तर कॉर्नवॉलमधल्या होड्या बांधणाऱ्या कारखान्याने. होडीत किंवा विमानात जसा बाहेरचा पत्राही आतल्या फासळ्यांबरोबर भार पेलतो, तसाच तो इथे पेलतो. १९९९ साली या इमारतीला ब्रिटनमधला वास्तुकलेचा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला: स्टर्लिंग प्राइझ.

त्या इमारतीतली एक बारीकशी गोष्ट तिच्या आकाराइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. मैदानाकडची तिची सगळी काच बंदिस्त आहे, आत वातानुकूलन आहे. रेडिओवर समालोचन करणाऱ्यांना हे मानवेना. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज, प्रेक्षकांची कुजबुज, टाळ्या, हे सगळं माइकपर्यंत पोचायला हवं होतं. म्हणून त्यांच्यासाठी एक खिडकी उघडणारी ठेवावी लागली. इमारतीकडे बाहेरून पाहणाऱ्यांनी तिच्या आकाराचं कौतुक केलं. आत बसून काम करणाऱ्यांना काय लागतं, ते त्या एका खिडकीने सांगितलं.

मराठीत घराबद्दल बोलताना एक सुंदर क्रियापद वापरलं जातं: नांदणं. घर नुसतं उभं असून भागत नाही, ते नांदतं असावं लागतं. वास्तुकलेच्या पुरस्कारांकडे पाहताना हाच प्रश्न सारखा मनात येतो. पुरस्कार उभ्या राहिलेल्या इमारतीला मिळतो की नांदणाऱ्या? स्टर्लिंग प्राइझचा जवळपास तीस वर्षांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. त्या इतिहासात ब्रिटनच्या वास्तुकलेची आजची अवस्थाही बरीचशी उलगडते.

हा पुरस्कार १९९६ साली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स, म्हणजे रीबा, या १८३४ सालच्या संस्थेने सुरू केला. आधी प्रादेशिक पुरस्कार, त्यातून राष्ट्रीय पुरस्कार, त्यातून साधारण सहा इमारतींची अंतिम यादी, परीक्षकांची त्या सहाही ठिकाणी प्रत्यक्ष भेट आणि शरद ऋतूत एका समारंभात निकाल, असा त्याचा क्रम. सुरुवातीच्या वर्षांत सोबत २०,००० पौंड मिळत, आता केवळ मान मिळतो. तो मान मोठा आहे. निकालाची बातमी सर्वसाधारण वर्तमानपत्रांत येते, पैजा घेणारे आपले भाव जाहीर करतात, आणि एरवी इमारतींबद्दल अवाक्षर न काढणारी माणसंही चार दिवस त्यांच्याबद्दल वाद घालतात. याबाबतीत या पुरस्काराने वास्तुकलेवर उपकारच केले आहेत.

ज्यांच्या नावाने तो दिला जातो, त्या जेम्स स्टर्लिंग यांची कहाणी या प्रश्नाच्या अगदी मुळाशी आहे. ग्लासगोत जन्मलेला, लिव्हरपूलमध्ये वाढलेला हा प्रतिभावान आर्किटेक्ट जून १९९२ मध्ये गेला. जेम्स गोवन यांच्यासह त्यांनी केलेली लेस्टर विद्यापीठाची इंजिनिअरिंगची इमारत, केंब्रिजमधली इतिहास विभागाची काचेची इमारत, जर्मनीतली स्टुटगार्टची कलादालनाची इमारत, ही कामं विसाव्या शतकाच्या कुठल्याही इतिहासात असतात. १९८१ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळालं. पण केंब्रिजच्या त्या इमारतीतल्या वाचनालयात विद्यार्थी उन्हाळ्यात उकडून निघत आणि हिवाळ्यात कुडकुडत. छत गळायचं, बाहेरच्या टाइल्स निखळून पडायच्या, आणि ऐंशीच्या दशकात तर ती पाडून टाकण्याचा विचार विद्यापीठात गंभीरपणे झाला. ती वाचली, आणि आज संरक्षित वास्तू आहे. रंकॉर्न या नव्या शहरातली त्यांची साउथगेट वसाहत वाचली नाही. हजाराहून अधिक घरांची ती वसाहत सत्तरच्या दशकात उभी राहिली. तेलावर चालणारी सामायिक हीटिंग यंत्रणा तेलसंकटानंतर भाडेकरूंना परवडेनाशी झाली, घरांबद्दलच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि १९९० ते ९२ या काळात सगळी वसाहत जमीनदोस्त झाली. ज्या वर्षी तिचे शेवटचे भाग पाडले गेले, त्याच वर्षी स्टर्लिंगही गेले.

म्हणून हे नाव पुरस्काराला अचूक शोभतं, असं म्हणायला हवं. डोळे दिपवणारी कल्पना आणि त्या कल्पनेत रोज राहणाऱ्या माणसाचे हाल, हा वास्तुकलेतला सर्वांत अवघड पेच स्टर्लिंग यांच्या कामात जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो. दुर्दैवाने पुरस्काराच्या पहिल्या दशकाने या पेचाचा पहिला अर्धा भागच उचलला.

ते दशक डौलदार वस्तूंचं होतं. ब्रिटनमध्ये तेव्हा लॉटरीचा पैसा सार्वजनिक इमारतींत ओतला जात होता, आणि प्रत्येक शहराला ओळख बनेल असं काहीतरी हवं होतं. गेट्सहेडचा टाइन नदीवरचा पूल डोळ्याच्या पापणीसारखा कलून बोटींना वाट देतो. त्याला २००२ साली पुरस्कार मिळाला. तो करणारे विल्किन्सन आयर आदल्या वर्षीही, रॉदरहॅमच्या जुन्या पोलाद कारखान्यातल्या मॅग्ना केंद्रासाठी, विजेते होते. २००४ साली नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेचा लंडनमधला १८० मीटर उंचीचा गर्किन जिंकला. काकडीच्या आकाराच्या या मनोऱ्याने लंडनची क्षितिजरेषाच बदलली, आणि पुढे त्याहून कितीतरी उंच, कितीतरी कमी देखण्या मनोऱ्यांना वाट मोकळी करून दिली.

२००५ सालचा निकाल या काळातला सर्वांत धीट होता. एन्रिक मिरालेस यांनी कल्पिलेलं एडिंबरातलं स्कॉटलंडचं संसदभवन सुरुवातीला १० ते ४० दशलक्ष पौंडांत होईल असं सांगितलं गेलं होतं. अखेर खर्च ४१४ दशलक्षांवर गेला. मिरालेस २००० सालीच, इमारत अर्धवट असताना, पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. खर्चाची आणि विलंबाची स्वतंत्र चौकशी झाली. तरीही परीक्षकांनी या इमारतीला निवडलं, आणि ते योग्यच होतं: तिच्या सभागृहातली ओक लाकडाची छतरचना, दगडात आणि लाकडात उतरलेली त्या भूमीची वळणं, हे सगळं हिशेबाच्या वहीत मावणारं नाही. मात्र मार्च २००६ मध्ये त्याच सभागृहाच्या छतातली एक तुळई सुटली आणि सदस्यांना काही काळ दुसरीकडे बसावं लागलं. कौतुकाचे हार सुकायच्या आत इमारतीने आपली दुसरी बाजू दाखवली होती.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र समुद्रकाठचं आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जमध्ये १८७२ साली समुद्रात दूरवर शिरलेला एक पिअर बांधला गेला. लोखंडी खांबांवरच्या अशा लांबच लांब लाकडी सज्ज्यावर हिंडणं, गाणं-नाचणं, हवा खाणं ही व्हिक्टोरियन काळातली हौस. विसाव्या शतकाच्या अखेरीस पिअरची रया गेली, २००८ साली तो बंद झाला आणि ऑक्टोबर २०१० च्या आगीत त्याचा बहुतेक भाग जळून गेला. गावाने मात्र तो सोडला नाही. तीन हजारांच्या आसपास लोकांनी थोडे-थोडे पैसे घालून त्याचे शेअर घेतले, वारसा निधीने मोठी रक्कम दिली, आणि डीआरएमएम या संस्थेने नवा पिअर रचला. त्यांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काहीच न बांधणं. टोकाला एखादी डोळ्यांत भरणारी इमारत उभारण्याऐवजी त्यांनी मोकळा फळ्यांचा विस्तीर्ण मंच ठेवला. तिथे सर्कस येवो, मासळीबाजार भरो, मैफल होवो. जळक्या पिअरचं उरलेलं लाकूड बाकांना आणि भिंतींना वापरलं गेलं. एप्रिल २०१६ मध्ये पिअर पुन्हा उघडला, ऑक्टोबर २०१७ अखेरीस त्याला स्टर्लिंग प्राइझ मिळालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो चालवणारी धर्मादाय संस्था दिवाळखोरीत निघाली. पुढच्या वर्षी पिअर एका खासगी उद्योजकाला विकला गेला, आणि ज्या गावकऱ्यांनी शेअर घेतले होते, त्यांच्या हातून तो गेला.

परीक्षक चुकले का? रचना म्हणून नाही. मोकळी जागा हीच इमारत, हा विचार अस्सल होता. पण मोकळ्या जागेला रोज कोणीतरी माणसांनी, कार्यक्रमांनी भरावं लागतं. भरायला पैसा लागतो. आणि खाऱ्या वाऱ्यात उभ्या लोखंडी खांबांची देखभाल वर्षाच्या कुठल्याच महिन्यात थांबत नाही. वास्तुरचनेचा आराखडा आणि ती चालवण्याचा आराखडा या दोन वेगळ्या वह्या आहेत असं मानलं की असं होतं. पुरस्काराने पहिली वही वाचली. दुसरी तेव्हाच फाटत होती.

यानंतरची दोन वर्षं एकमेकींशेजारी ठेवून पाहावीत. २०१८ साली लंडनच्या सिटी भागातलं ब्लूमबर्ग कंपनीचं मुख्यालय जिंकलं. खर्च एक अब्ज पौंडांच्या वर. जपानमधून आणलेलं ६०० टन ब्राँझ, भारतातून आणलेला ग्रॅनाइट, इंग्लंडचा वालुकाश्म. पर्यावरणाच्या मानांकनात या इमारतीला ९८.५ टक्के मिळाले होते, आणि ती चालवायला ऊर्जा कमी लागते हे खरं आहे. पण खाणीतून दगड काढून, समुद्र ओलांडून आणून, घडवून बसवण्यात जो कार्बन खर्ची पडतो त्याचा भार अशा मानांकनात पुरेसा उमटत नाही. समीक्षकांनी तेव्हा यावरच बोट ठेवलं. ती रचणाऱ्या फॉस्टर यांच्या संस्थेची कारागिरी निर्दोष होती. निवडीमागचं मोजमाप मात्र आधीच कालबाह्य झालेलं होतं.

२०१९ साली निकाल लागला तो नॉरिच शहरातल्या गोल्डस्मिथ स्ट्रीटच्या बाजूने. ही शहराच्या नगरपालिकेने भाड्याने द्यायला बांधलेली सुमारे शंभर घरं. मिखाइल रिचेस आणि कॅथी हॉली यांनी २००८ साली स्पर्धा जिंकली होती, पण मंदीत सगळं अडकलं. शेवटी नगरपालिकेने जमीन विकसकाच्या घशात न घालता स्वतःच घरं बांधायचं ठरवलं. नगरपालिकेच्या घरांना स्टर्लिंग प्राइझ मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्या वर्षीच्या यादीत लंडन ब्रिजचं भव्य रेल्वे स्थानक होतं, स्कॉटलंडमधली मॅकॅलन व्हिस्कीची गवताळ टेकड्यांसारखी डिस्टिलरी होती. त्यांच्यापुढे दोन-तीन मजली विटांच्या घरांच्या सात ओळी उभ्या राहिल्या आणि जिंकल्या.

ही घरं जवळून पाहण्यासारखी आहेत. प्रत्येक घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं; सामायिक जिन्याचा अंधार नाही. छपरं जेमतेम १५ अंशांनी उतरती आहेत, म्हणजे मागच्या ओळीच्या खिडक्यांवर सावली पडत नाही आणि तरी गल्ल्या अरुंद ठेवता येतात. गाड्या वसाहतीच्या कडेला ढकललेल्या. परसदारांच्या मधून एक सामायिक बोळ जातो, तिथे लहान मुलं मोठ्यांच्या नजरेखाली खेळू शकतात. घरं पासिव्हहाउस या कडक मानकाची आहेत: जाड भिंती, हवा निसटू न देणारे सांधे, उन्हाकडे तोंड. ऊर्जेचं बिल सरासरीपेक्षा ७० टक्क्यांच्या आसपास कमी येईल असा अंदाज होता. पत्रपेट्या दारांत नाहीत, बाहेरच्या भिंतीत आहेत, कारण दारात फट पाडली की तेवढीच थंडी आत येते. लॉर्ड्सच्या उघडणाऱ्या खिडकीची ही जणू जुळी बहीण. तिथे आवाज आत यावा म्हणून भोक पाडलं, इथे वारा आत येऊ नये म्हणून भोक बुजवलं. दोन्हीकडे आत राहणाऱ्या माणसाचा विचार आधी झाला.

त्याच वर्षी रीबाने गृहरचनेसाठी नीव्ह ब्राउन यांच्या नावाचा नवा पुरस्कार सुरू केला, आणि तोही गोल्डस्मिथ स्ट्रीटलाच मिळाला. ब्राउन यांनी सत्तरच्या दशकात लंडनमध्ये अलेक्झांड्रा रोडची नगरपालिका वसाहत केली होती. पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी ती घरं आजही भरलेली आहेत, आणि १९९३ सालापासून संरक्षितही. एका पिढीने रंकॉर्न पाडलं आणि अलेक्झांड्रा रोड जपलं. दोन्ही एकाच दशकातली, दोन्ही सार्वजनिक पैशाची. कशामुळे एक नांदलं आणि दुसरं नाही, याचा अभ्यास कुठल्याही परीक्षक मंडळाला वर्षभर पुरेल.

मराठी वाचकाला या टप्प्यावर बेलापूर आठवल्याशिवाय राहणार नाही. रीबाचं रॉयल गोल्ड मेडल १९८४ साली चार्ल्स कोरिया यांना मिळालं. त्याच सुमारास नवी मुंबईत, सिडकोसाठी, ते आर्टिस्ट व्हिलेज रचत होते: बैठी आणि एकमजली घरं, सातेक घरांच्या मध्ये एक छोटा चौक, असे काही चौक मिळून पुढचा मोठा चौक. घरांच्या भिंती एकमेकांना जोडलेल्या नाहीत. का, तर उद्या कुटुंब वाढलं, हातात पैसा आला, की शेजाऱ्याशी भांडण न करता खोली वाढवता यावी. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत याहून पुढे जाऊन नुसता चौथरा, पाणी आणि संडास देऊन बाकी घर राहणाऱ्यांवर सोपवलं. दोशींना तेच रॉयल गोल्ड मेडल २०२२ साली मिळालं. अरण्यला त्याआधी, १९९५ साली, आगा खान पुरस्कार मिळाला होता. त्या पुरस्काराचा नियम असा की वास्तू किमान वर्षभर वापरात असली पाहिजे, आणि जाणकार तिथे जाऊन ती तपासतात. आज बेलापुरात गेलं तर कोरियांची मूळ घरं शोधावी लागतात. अनेकांनी वर मजले चढवले, काहींनी पाडून नवी बांधली. छायाचित्रकाराला हे खटकतं. पण चौक तिथेच आहेत, आणि बदल होणार हे तर रचनेतच गृहीत धरलेलं होतं.

२०१९ नंतर स्टर्लिंग प्राइझची नजर बदलली, एवढं निश्चित म्हणता येतं. २०२० साली कोविडमुळे पुरस्कार दिला गेला नाही. त्यानंतर ग्राफ्टन आर्किटेक्ट्सचं किंग्स्टन विद्यापीठातलं टाउन हाउस, मग केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजचं नील मॅकलॉक्लिन यांनी रचलेलं वाचनालय, मग ब्लॅकहीथमधलं वृद्धांसाठीचं जॉन मॉर्डेन सेंटर, आणि २०२४ साली लंडनची एलिझाबेथ लाइन. मॉडलिनचं वाचनालय चारशे वर्षं टिकावं अशा हिशेबाने बांधलं आहे. विटेच्या आणि लाकडाच्या इमारतीबद्दल आज कोणी असं बोलतो याचंच अप्रूप वाटतं. एलिझाबेथ लाइन साडेतीन वर्षं उशिरा, मे २०२२ मध्ये सुरू झाली, पण तिच्या स्थानकांतल्या गोलसर वळणांतून लाखो माणसं रोज जातात, आणि कोपऱ्याआड कोण येतंय हे त्यांना आधी दिसतं.

२०२५ सालचा विजेता दक्षिण लंडनमधल्या बर्मन्डसीतला आहे: अ‍ॅपलबी ब्लू. गरीब वृद्धांना धर्मादाय घरं देण्याची इंग्लंडमधली परंपरा मध्ययुगापासूनची. अशी घरं बहुधा गावाबाहेर, भिंतीआड असत. विदरफर्ड वॉटसन मान या संस्थेने ती भिंतच काढून टाकली. वर्दळीच्या रस्त्याकडे काचेच्या मोठ्या खिडक्या पुढे आल्या आहेत, घरांसमोरून जाणारी वाट झाडं आणि बाकं लावलेल्या सज्ज्यासारखी आहे, मध्ये बाग आहे, एकत्र स्वयंपाक करता येईल असं स्वयंपाकघर आहे. त्याच यादीत बिग बेनच्या मनोऱ्याचं जीर्णोद्धारकाम होतं आणि औषधकंपनीचं एक अब्ज पौंडांवरचं संशोधन केंद्र होतं. परीक्षकांनी म्हाताऱ्या माणसांची घरं निवडली. याच संस्थेला २०१३ साली, जळून पडक्या झालेल्या अ‍ॅस्टली कॅसलच्या भिंतींत नवं घर विणल्याबद्दल, हाच पुरस्कार मिळाला होता. दोन्ही कामांत जुन्याशी बोलत नवं करण्याची सवय एकच आहे.

तरीही मूळ उणीव तशीच आहे. घरं निवडली म्हणजे घर नांदतं की नाही हे पाहिलं असं होत नाही; अ‍ॅपलबी ब्लूही पुरस्काराच्या वेळी नवीच होती. अमेरिकेत तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने १९६९ साली एक वेगळा पुरस्कार सुरू केला: इमारत उभी राहून किमान पंचवीस वर्षं झाल्यावरच तो मिळतो. पहिला रॉकफेलर सेंटरला मिळाला. स्टर्लिंग प्राइझच्या जोडीला अशी दुसरी फेरी असती, तर पहिला अर्ज सॉल्फर्ड विद्यापीठातून यायला हवा होता. १९९६ सालचा सर्वांत पहिला विजेता, स्टीफन हॉडर यांची सेंटेनरी बिल्डिंग, तिथलीच. हॉडर पुढे रीबाचे अध्यक्षही झाले. ती इमारत मात्र अनेक वर्षं रिकामी पडून राहिली, आणि विद्यापीठाच्या परिसराच्या नव्या आखणीत ती पाडण्याची योजना आली. संवर्धनाचं काम करणाऱ्यांनी तिला संरक्षित दर्जा मिळावा म्हणून झगडा केला, तो मिळाला नाही. तीस वर्षांच्या आत पुरस्काराची पहिली मानकरी नकोशी झाली, ती रचनेमुळे, देखभालीमुळे की जमिनीच्या भावामुळे, हे रीबाने स्वतः जाऊन तपासावं आणि छापावं. तो अहवाल नव्या विजेत्यांच्या यादीपेक्षा तरुण आर्किटेक्टांच्या अधिक उपयोगाचा ठरेल.

गोल्डस्मिथ स्ट्रीटची पंचवीस वर्षं २०४४ साली भरतील. त्या वर्षी कोणी परीक्षक नॉरिचला गेलाच, तर त्याने आधी भिंतीतल्या पत्रपेट्या पाहाव्यात, मग छपरांच्या उतारावर कोणी मजला चढवला आहे का ते, मग चार घरांत बसून हिवाळ्यातली बिलं मागावीत, आणि निघताना मागच्या बोळात मुलांचे आवाज येताहेत का, ते थांबून ऐकावं.